गाठ काढली म्हणजे कॅन्सर गेला का? रिपोर्टमधली ‘मार्जिन’ची ओळ नक्की विचारा

गावोगावी दिसणारं चित्र आहे. खर्रा, गुटखा नाहीतर मिश्रीची सवय. गालात जखम होते, भरत नाही, तोंड उघडेनासं होतं. मग उसनवारी, शहरातलं ऑपरेशन. घरी आल्यावर पाहुणे विचारतात, "निघाली का सगळी गाठ?" घरचे म्हणतात, "हो, सगळं काढलं." पण काहींना वर्ष-दीड वर्षात त्याच जागी किंवा मानेत पुन्हा गाठ येते आणि दोष नशिबाला दिला जातो.

मार्जिन म्हणजे काय?

शेतातली हरळी काढताना आपण नुसती पाती उपटत नाही, भोवतीची मातीही खणतो. मुळी राहिली की ती पुन्हा फुटते. सर्जनही गाठीभोवतीचा चांगला दिसणारा साधारण १ सेंटिमीटर भाग काढतो. काढलेला तुकडा लॅबमध्ये जातो. तिथे गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात. ते ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड साधारणपणे ‘मोकळी’ मानतात. त्याहून कमी असेल तर ‘जवळची’. कडेवरच कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर ‘पॉझिटिव्ह’. अशा वेळी आजार परतण्याचा धोका बराच वाढतो.

पण कड मोकळी आली म्हणून निर्धास्त राहू नका. गाठ किती खोल गेली, मानेतल्या गाठींत पसरली का, हेही तितकंच महत्त्वाचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ साली जगाला दाखवून दिलं की सुरुवातीच्या टप्प्यातही तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या गाठी काढल्या तर ३ वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

घोडं अडतं कुठे?

रिपोर्टमध्ये धोका दिसला तर पुन्हा ऑपरेशन, रेडिएशन (शेक), काहींना सोबत केमो लागते. रेडिएशन ऑपरेशननंतर शक्यतो ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. ते आठवड्यातून ५ दिवस, साधारण ६ आठवडे चालतं. इथेच आपला माणूस मागे पडतो. मशीन शहरात, सुगी तोंडावर, सोबत राहायला कोणी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण बुडालेली मजुरी आणि शहरातलं राहणं कोण भरणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आधार प्रत्येक शहरात नाही. म्हणून ऑपरेशन होतं, पण उपचार अर्धवट राहतो. तालुक्याच्या पुढाऱ्यांना शिबिराच्या फोटोपेक्षा हा प्रश्न विचारायला हवा.

घरच्यांनी काय करावं?

- तुकड्याचा रिपोर्ट हातात घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- डॉक्टरांना विचारा: कड मोकळी आहे का? मानेतल्या गाठींत काही निघालं का? रेडिएशन लागेल का, कधीपासून?
- योजनेची कागदपत्रं आणि रेडिएशनची तारीख ऑपरेशननंतर लगेच पक्की करा. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.
- पुन्हा उद्भवणारा आजार बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत दिसतो. या काळात डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका.
- तंबाखू कायमची बंद. चालू ठेवली तर जुना आजार परतण्याचा आणि तोंडात नवा कॅन्सर होण्याचा, दोन्ही धोके वाढतात.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुडी टपरीवर मिळतेच. त्यामुळे राखण आपल्यालाच करावी लागणार. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. गाठ लहान असताना मोकळी कड मिळणं सोपं असतं.