मुकी केलेली पोरं

'घरातून शिका' असा हुकूम मार्च २०२० मध्ये सुटला. हुकूम सोडणाऱ्याच्या डोक्यात जे घर होतं ते त्याचं स्वतःचं. वेगळी खोली, टेबल-खुर्ची, वायफाय, दार लावून घ्यायची सोय. आमचं घर म्हणजे धारावी, गोवंडी, मानखुर्दची दहा बाय दहाची खोली. तिच्यात सहा माणसं, एक मोरी, एक बल्ब आणि एक मोबाईल. तोही बापाच्या खिशात. बापाचा नाका बंद, आईला सोसायटीच्या गेटवरनं परत धाडलेलं. दुपारचं शाळेतलं गरम जेवण गेलं, हातात कोरडा तांदूळ आला. ह्या खोलीला आता शाळा म्हणा, असं सांगून सरकार मोकळं झालं. वर घोषणा काय, तर 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. कुणाचं आहे?

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या साथींनी पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे चौदाशे पोरांची पाहणी केली. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के. बाकीच्या ग्रामीण पोरांत १५ टक्के. दोघंही गरीबच. मग मधली ही भिंत कुणी बांधली, हे चळवळीतल्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही.

ह्या आकड्यांवर लेख झाले, चर्चासत्रं झाली. पोराच्या मनाचं काय झालं हे मात्र कुणी विचारलं नाही. आम्हाला तेच बोलायचंय.

ज्या पोराकडे मोबाईल नाही ते 'व्यवस्थेनं मला वगळलं' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'मला जमत नाही, मी ढ आहे.' व्यवस्थेचा गुन्हा पोर निमूट स्वतःच्या अंगावर घेतं. हजार वर्षं जातीनं दुसरं काय केलं? मारणाऱ्यानं हात धुवायचे आणि मार खाणाऱ्यानं शरमायचं.

आणि ज्याला मोबाईल मिळाला त्याचं तरी काय? शाळेत युनिफॉर्म होता, सगळे सारखे दिसायचे. ऑनलाइन वर्गानं प्रत्येकाचं घर उघडं पाडलं. बाई म्हणतात, कॅमेरा लाव. पोरगी मोबाईल कुठे धरू म्हणून चहूबाजूंनी फिरते. इकडे मोरी, तिकडे आजारी आजी, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटो दिसला की आडनाव न सांगता जात कळते. मग ती कॅमेरा बंद करते. बाई म्हणतात, लक्ष नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भिवाला वेगळ्या गोणपाटावर बसवलं होतं. ऑनलाइनचं गोणपाट डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. बरोब्बर शंभर वर्षांनी, २०२० साली, आमची पोरं म्यूट झाली. केरळात १ जूनला ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी नववीतल्या एका हुशार दलित मुलीनं जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, रोजंदार बापाच्या हाताला काम नाही. असं पाऊल उचलण्यामागे कारण कधी एकच नसतं. पण पहिल्या दिवशी त्या घराचं दार वाजवायला कुणी गेलं असतं, तर आज गोष्ट वेगळी असती का, हा प्रश्न ह्या देशाला टोचला पाहिजे.

२१ जुलै २०२० ला केंद्र सरकारनं 'मनोदर्पण' काढलं. मनाला त्रास झाला तर फोन करा! च्यायला, फोनच नाही म्हणून ज्याला त्रास होतोय त्यानं फोन कुठून करायचा?

मुंबईत पहिली ते सातवीच्या वर्गांची दारं १५ डिसेंबर २०२१ ला उघडली. शाळा उघडल्या म्हणजे विषय संपला असं समजू नका. त्या वेळची लहान पोरं आज वयात आलीत. त्यांच्यातला जो मागच्या बाकावर गप्प बसतो, जो शाळा सोडून डिलिव्हरीच्या बॅगा वाहतो, त्याच्या आत ती पावणेदोन वर्षं अजून मुरतायत. आणि ही वेळ पुन्हा येणार नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत हवा विषारी झाली तेव्हा पुन्हा तोच हुकूम, घरातून शिका.

मग करायचं काय? पुस्तकं चाळायची गरज नाही, आपल्याच घरात बघा. परळच्या डबक चाळीत रामजीबाबांची एकच खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच जातं, तिच्यातच शेळी. सगळे झोपल्याशिवाय अभ्यासाला जागा नाही. रामजीबाबा भीमाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे. पुस्तकांसाठी लेकींपुढे हात पसरायचे. चर्नी रोडच्या बागेत एकटं वाचत बसणारं पोर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना दिसलं. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर आपलं लिहिलेलं बुद्धचरित्र हातात ठेवलं. पोराला जागा करून देणारा एक बाप आणि विचारपूस करणारा एक परका माणूस. पोराच्या मनाला एवढा आधार लागतो. ह्याला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

तो माणूस तू आहेस, मित्रा. तुझ्या गल्लीतली चार पोरं तू घे. 'अभ्यास झाला का' हे नंतर विचार. आधी विचार, जेवलास का, झोप लागते का, घरात भांडणं होतात का. ते बोलेल तेव्हा मध्ये उपदेश घुसडू नकोस. आईबापाला सांग, कामधंद्याचा राग पोराच्या पाठीवर काढू नका. मार खाल्लेलं पोर अभ्यासाला नाही, माराला घाबरून बसतं. दिवसातला एक तास ठरव. त्या तासाला टीव्ही बंद, पाहुणा बंद, बापाची बाटलीही बंद. पोरीला भांड्यापासून सोडव, तिचाही तास असतो. आणि तिला हेही सांग की भिंतीवरचा फोटो लपवायचा नसतो. तो आपला आहे.

विहार आणि समाजमंदिर रोज संध्याकाळी उघडा. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, तर अभ्यासिकेच्या दोन ट्यूबलाइटला का जमू नये? सोलापूरच्या नीलमनगरात त्या काळात मास्तरांनी वस्तीच्या भिंतींवर धडे रंगवले. पोरं भिंतीपाशी उभी राहून शिकली. भिंती आपल्याकडेही आहेत. नेत्यांच्या वाढदिवसांना त्या भाड्यानं देऊ नका.

एखादं पोर अचानक मुकं झालं, खाईना, रात्री दचकायला लागलं, मरणाच्या गोष्टी बोलायला लागलं, तर त्याला देवऋष्याकडे नेऊ नका. ते नाटकही नाही आणि बाहेरची बाधाही नाही. त्याला एकटं सोडू नका. केईएम, सायन, नायरला मानसोपचार विभाग आहेत, तिथे हात धरून न्या. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, पोराच्या वतीनं तुम्ही लावा.

आणि सरकारला आम्ही बजावतो. पुन्हा शाळा बंद करायची पाळी आली तर हुकमाआधी प्रत्येक वस्तीत खोली, साधन आणि दार वाजवणारा माणूस हजर पाहिजे. गरम जेवण एक दिवसही तुटता कामा नये. शाळेत समुपदेशक पाहिजे, तोही आमच्या पोरांची भाषा कळणारा. ही भीक नाही, हक्क आहे.

ज्या पोराला आज 'तू ढ नाहीस, तुला अडवलंय' एवढं कुणी सांगितलं, ते उद्या अडवणाऱ्याला जाब विचारील. त्याला बोलतं करा. चळवळ तिथूनच सुरू होते.

जय भीम!