घरात किती पैसा शिल्लक पाहिजे? शेतकऱ्याचा हिशोब महिन्यावर नाही, हंगामावर

हिंगोली : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेअठरा हजार रुपये, तेही रब्बीच्या बी-बियाण्याचे दहा हजार धरून. एकरी भाग लावला तर सात हजार चारशे. यात पुढची पेरणी कशीबशी होईल, पण तोवर घर कशावर चालायचं?

मोबाईलवर पैशाचा सल्ला देणारे सांगतात, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. सल्ला चांगला आहे, पण तो पगारवाल्यांसाठी आहे. नोकरी गेली तर माणूस चार-सहा महिन्यांत दुसरी धरतो. आपलं तसं नाही. ऑक्टोबरचं सोयाबीन गेलं की पुढचं सोयाबीन पुढच्या ऑक्टोबरलाच. विहिरीला पाणी असलं तर मार्चपर्यंत हरभरा-गव्हाचे चार पैसे येतात. वसमत, औंढ्याकडं हळद असली तर ती शिजवून, वाळवून उन्हाळ्यात बाजारात जाते. पण नुसत्या कोरडवाहूवर असलेल्या घराला पूर्ण बारा महिने काढावे लागतात. म्हणून आपला प्रश्न असा पाहिजे : एक हंगाम बुडाला तर दुसरा घरात येईपर्यंत किती लागेल?

हिशोब असा मांडा

उदाहरण म्हणून पाच माणसांचं, चार एकर कोरडवाहू असलेलं घर घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, ज्यानं त्यानं आपले टाकावेत.

किराणा, लाईट बिल, रिचार्ज, शाळा, औषध, गाडीचं पेट्रोल मिळून महिना ९ हजार. बारा महिन्यांचे झाले १ लाख ८ हजार.

यातून पीक बुडालं तरी येणारा पैसा वजा करा. दूध आणि मजुरी मिळून महिना ४ हजार म्हणजे वर्षाचे ४८ हजार. पीएम किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार. एकूण ६० हजार. कमी पडले ४८ हजार.

पुढच्या पेरणीला बियाणं, खत, ट्रॅक्टरची मशागत असं एकरी ८ हजार रोख धरले तर चार एकराचे ३२ हजार.

दवाखान्याचे वेगळे २० हजार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते ठरलेल्या आजारांना आणि योजनेतल्या दवाखान्यातच. रात्री-बेरात्री नांदेडला गाडी करून न्यायचं, तपासण्या करायच्या, सोबतच्यांनी खायचं, हे खिशातूनच जातं.

४८, ३२ आणि २० मिळून झाले १ लाख. सहा महिन्यांच्या नियमानं हेच घर ५४ हजारांवर थांबलं असतं, आणि पेरणीच्या तोंडावर हात पसरले असते.

शिल्लक नसली की काय होतं

शिल्लक नसण्याची किंमत चांगल्या वर्षातही मोजावी लागते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. तरी दिवाळीच्या तोंडावर माल निघाला तसा आडतीवर गेला, कारण मजुराला पैसे द्यायचे होते, कृषी केंद्राची उधारी होती. खरेदी केंद्रावर नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांवर आणा, नंबर येईपर्यंत थांबा. हे थांबणं त्यालाच जमतं ज्याच्या घरात दोन महिन्यांचा पैसा आहे. म्हणजे शिल्लक नुसती संकटासाठी नाही, ती भाव मिळवून देते.

त्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा पीक विमा बंद झाला. शेतकऱ्याला हप्ता भरावा लागला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. तुमचं एकट्याचं शेत बुडालं आणि मंडळाचं उत्पन्न ठीक निघालं, तर हाती काही नाही. घरातल्या शिल्लकीचं महत्त्व त्यानं आणखी वाढलं.

लाख रुपये आणायचे कुठून?

एका वर्षात होणार नाही, हे उघड आहे. टप्प्यानं करा. आधी दवाखान्याचे वीस हजार. मग पेरणीचे. शेवटी घरखर्चाचे. माल विकला त्याच दिवशी दहा पोत्यांमागं एका पोत्याचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात देणी भागवा. देणी देऊन उरलं तर टाकू म्हटलं की कधीच उरत नाही.

सावकाराचं शेकडा तीन टक्के महिन्याचं देणं असेल तर ते वर्षाला ३६ टक्के होतं. बँकेतली ठेव त्याच्या जवळपासही व्याज देत नाही. म्हणून दवाखान्याचे वीस हजार झाले की आधी ते देणं फेडा. बँकेचं पीक कर्ज मात्र वेळेत भरा. तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज माफ होतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज मिळतं. तीही एक शिल्लकच आहे.

घरच्या बाईचा लाडकी बहीणचा दीड हजाराचा हप्ता येत असेल तर त्यातले पाचशे बचत गटात किंवा पोस्टात टाकले तरी वर्षाचे ६ हजार होतात. दोन-चार शेळ्या हीसुद्धा शिल्लक आहे, अडचणीत लगेच विकते. सोनं गहाण पडतं, पण त्यावर व्याज चालू होतं हे ध्यानात ठेवा.

ठेवायचे कुठं?

थोडे घरात, बाकी बँक नाहीतर पोस्टात. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत परत देतं. पोस्टातल्या पैशाला सरकारची हमी आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेटला हे विम्याचं कवच नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये जादा व्याजापायी मराठवाड्यातल्या कितीतरी लोकांच्या ठेवी अडकल्या. अडचणीचा पैसा जादा व्याजासाठी नसतोच, तो मागितल्या दिवशी हातात यायला पाहिजे. थकीत कर्ज ज्या खात्याशी जोडलंय, त्याच खात्यात ही शिल्लक ठेवू नका. होल्ड लागला तर ऐन वेळी निघणार नाही.

आणि कमावता माणूसच गेला तर लाख रुपये पुरत नाहीत. त्यासाठी बँकेत प्रधानमंत्री जीवनज्योतीचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये भरा. पहिल्यात कशानंही मृत्यू झाला तर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. वर्षाचे ४५६ रुपये मे महिन्याअखेर खात्यातून कटतात, तेव्हा तेवढी रक्कम खात्यात आहे का ते बघा. वारसाचं नाव लागलंय का, तेही एकदा बँकेत जाऊन विचारा.

आज रात्री घरात बसून एवढंच करा : पुढचा पैसा घरात कोणत्या महिन्यात येणार ते लिहा, आणि तोवर किती लागणार ते त्याच्यासमोर लिहा. बाईला, पोराला सोबत घेऊन लिहा, कारण घराचा खरा खर्च त्यांनाच माहीत असतो. आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका. पहिले वीस हजार कधी होतील, तेवढं आधी ठरवा.