थांबलेली कळ आणि विसरलेली नळी



भातकापणी आणि ऑक्टोबरचे ऊन आपल्याकडे बरोबरच येतात. सकाळी खाचरात उतरलेला माणूस दुपारी बांधावर येतो तोवर त्याच्या पोटात तांब्याभर पाणीही गेलेले नसते. मिठागरावर तेच, वीटभट्टीवर तेच, आणि सातपाटी-मुरब्याच्या होडीवर तर गोडे पाणी जपूनच प्यायचे. मग एखाद्या रात्री कमरेच्या एका बाजूला कळ उठते, कुशीतून खाली जांघेत उतरते, ओकारी होते, माणसाला कुठल्याच कुशीवर पडवत नाही. घरातली जाणती माणसे ओळखतात की हा मुतखडा. रातोरात बोईसरला किंवा पालघरला नेऊन इंजेक्शन देऊन आणतात. सकाळपर्यंत कळ थांबते आणि "पडला वाटतं खडा" असे म्हणत माणूस पुन्हा विळा हातात घेतो.

मला आज बोलायचे आहे ते या "पडला वाटतं" विषयी. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे मुळीच नाही.

मूत्रपिंडातून लघवी खाली मूत्राशयात आणणारी जी नळी असते ती वीतभर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. तिच्यात खडा अडकला की वरची लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणले जाते, आणि त्या ताणाची ती कळ असते. आता आपल्या खाचराकडे पाहा. बांधाचे तोंड बुजले तर भर पावसात पाणी बांध फोडायला बघते. पाऊस ओसरला की तेच पाणी शांत उभे राहते, वरून काही कळत नाही, आणि आत रोप कुजत असते. मूत्रपिंडाचे असेच होते. वाट बंद राहिली की त्याचे काम मंदावते, लघवी कमी तयार होते, ताण उतरतो आणि दुखणे जाते. खडा असतो जागच्या जागी. असे महिन्यामागून महिने गेले तर मूत्रपिंडाची पाण्याने भरलेली पिशवी तेवढी उरते आणि ती पुन्हा कामाला लागत नाही. त्यातून दुसरे मूत्रपिंड इमानी बैलासारखे दोघांचा भार एकटे ओढते. त्यामुळे रक्ताची तपासणी चांगली येते आणि माणूस निर्धास्त होतो.

म्हणून कळ गेल्यावरही एकदा सोनोग्राफी करून घ्या, आणि खडा दिसला तर तो पडेपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा. अहवालात दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे खड्याचे माप. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा काही आठवड्यांत आपोआप पडतो, दहाच्या वरचा क्वचितच पडतो. दुसरी म्हणजे "हायड्रोनेफ्रोसिस" हा शब्द. तो असेल तर मूत्रपिंड तुंबून फुगले आहे असे समजा आणि "कापणी झाली की बघू" म्हणू नका. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात होईना, रोग्याला मुळात एकच मूत्रपिंड असले किंवा दुखणे गरोदर बाईला असले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर जिवाशी गाठ असते.

घरगुती उपायांवर मी रागावलेलो नाही. कुळथाचे कढण, लिंबाचे पाणी, शहाळे यांनी पोटात पाणी जाते, आणि लिंबातले आम्ल खडा धरू न देण्यास मदत करते हेही खरे आहे. मात्र पाषाणभेदाचा किंवा पानफुटीचा रस पिऊन बोराएवढा घट्ट खडा विरघळेल या आशेवर वर्ष काढू नका. काही थोडे खडे औषधाने विरघळतात, पण ते कोणते हे तपासूनच कळते. ताडीने किंवा बिअरने खडा पडतो असे सांगणारे मित्र प्रत्येक गावात असतात. त्यांना खड्यापेक्षा सोबतीची काळजी जास्त असते. लघवी थोडा वेळ वाढते आणि मागून अंग कोरडे पडते, एवढेच. दर कळीला दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाणे तर त्याहून वाईट, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडालाच बाधतात. दूध बंद करू नका, मीठ कमी करा. सुके बोंबील आणि सुकट यांतले मीठही त्यात मोजा. पाणी किती प्यावे याची ओळख लघवीच्या रंगात आहे. ती गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे.

इथे बायकांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. शेतावर, भट्टीवर, बाजाराला जाताना आडोसा मिळत नाही म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी दाबून धरतात. लघवीला जळजळ, वारंवार ताप, पुढे खडा, यांचे मूळ बऱ्याच घरांत तिथे असते. याला औषध डॉक्टरकडे नाही. शेताच्या कडेला चार बांबू आणि ताडपत्री उभी करणे घरच्या पुरुषांच्या हातात आहे.

आता न दुखणारी दोन दुखणी. पन्नाशीनंतर पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. मूळची आवळ्याएवढी, ती चिकूएवढी होते, कधी मोसंब्याएवढी. आजोबा रात्री चार-चार वेळा उठतात, धार बारीक होते, थांबत थांबत होते, आणि घरातले म्हणतात वय झाले. ते स्वतः लाजेने बोलत नाहीत. मग एखाद्या लग्नाच्या धावपळीत किंवा सर्दीची गोळी घेतल्यावर लघवी साफ बंद पडते आणि रात्री गाडी शोधत फिरावे लागते. वेळेवर दाखवले तर पुष्कळांचे गोळ्यांवर भागते.

दुसरे म्हणजे लघवीतून रक्त जाणे, तेही काही दुखत नसताना. एकदा गेले आणि थांबले तरी ते तपासलेच पाहिजे, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. या रोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट आहे. दुसरे एक कारण बोईसर-तारापूरच्या वाचकांनी माहीत करून घ्यावे. जर्मनीत १८९५ साली रेन नावाच्या शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा रोग पाहिला आणि तेथील रसायनांशी त्याचा संबंध दाखवला. आपल्याकडच्या कारखान्यांत तसेच घडते असा याचा अर्थ नाही. पण घरातले कोणी रंगाच्या वा रसायनांच्या कामावर असेल, किंवा निवृत्त झाले असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेच्या भीतीने माणसे वर्षे काढतात, आणि त्या भीतीला कारणही होते. मूत्राशयातला खडा कापून काढायची रीत सुश्रुतसंहितेत आहे, पण सुश्रुतानेच ती शेवटचा उपाय म्हणून आणि वडीलधाऱ्याची वा राजाची परवानगी घेऊन करायला सांगितली. खड्याचा कणही आत राहू देऊ नये, तो पुन्हा वाढतो, असेही त्याने बजावले आहे. आपल्या वडिलांच्या काळापर्यंत मूत्रपिंडाच्या खड्यासाठी कूस वीतभर उघडावी लागे आणि माणूस महिना-दोन महिने नांगराला हात लावू शकत नसे. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीला लहानसे छिद्र पाडून खडा काढला गेला. १९८० साली जर्मनीत म्युनिकला बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडण्यात आला. आता लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याचा चुरा करतात आणि प्रोस्टेटही त्याच वाटेने आतून कोरून काढतात. बाहेर टाका दिसत नाही. कोणाला कोणती रीत हे खड्याच्या मापावर आणि जागेवर ठरते. शेजाऱ्याचे जसे झाले तसेच माझे करा असा हट्ट धरू नये.

हे काम करणारा मूत्रशल्यतज्ज्ञ, म्हणजे यूरॉलॉजिस्ट, एम.बी.बी.एस. होऊन, तीन वर्षे शल्यशास्त्र आणि त्यावर आणखी तीन वर्षे फक्त हाच विषय शिकलेला असतो. आपल्या देशातल्या या तज्ज्ञांची संघटना १९६१ साली उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपल्या मुंबईचे डॉ. जी. एम. फडके होते. असा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळेलच असे नाही, पण आपली माणसे रेल्वेच्या रुळावर बसलेली आहेत. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. दक्षिणेला मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलजवळचे नायर, भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. उत्तरेला त्याच मार्गावर, बोईसरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गुजरातेत नडियाद आहे. तिथले मुळजीभाई पटेल रुग्णालय १९७८ पासून मूत्रपिंड आणि मूत्रमार्ग याच कामासाठी आहे. डहाणू-तलासरीकडच्या मंडळींना तिथली भाषाही परकी नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. मात्र रुग्णालय योजनेत आहे का आणि आपली शस्त्रक्रिया तीत येते का, हे पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे कागद बरोबर न्या.

शेवटी त्या नळीविषयी, कारण चांगली झालेली शस्त्रक्रिया इथे वाया जाते. दुर्बिणीने खडा काढल्यावर वाट सुजून बंद होऊ नये म्हणून डॉक्टर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी आत ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. थोडे दिवस लघवीला घाई होते, कूस जड वाटते, मग सवय होते. आणि सवय झाली की माणूस विसरतो. ही नळी कायमची नव्हे. बहुधा दोन ते सहा आठवड्यांत ती काढायची असते. राहिली तर तिच्यावरच खडे चढतात, ती तुटते, मूत्रपिंड पुन्हा तुंबते, आणि जे काम पाच-दहा मिनिटांत दुर्बिणीने झाले असते त्यासाठी दोन-तीन मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

हे निष्काळजी माणसांचेच होते असे नाही. जव्हार-मोखाड्याचे कुटुंब दिवाळीआधी शस्त्रक्रिया करून येते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडाशीच परतते. होडीवर जाणाऱ्याचेही तसेच. नळी काढायची तारीख नेमकी त्या दिवसांत येते. म्हणून घरी जायचा कागद हातात पडला की तिथेच विचारा, "आत नळी ठेवली आहे का? किती तारखेला काढायची?" ती तारीख घरच्या कालनिर्णयवर ठळक लिहा, आणि शिकत्या मुलाला तिची राखण द्या. भट्टीवर जाणार असाल तर भट्टी कुठे आहे ते डॉक्टरांना आधी सांगा. जवळच्या रुग्णालयात नळी काढता येईल अशी चिठ्ठी ते देऊ शकतात.

आणि हे वाचताना ज्याला आठवले की मागे आपलीही शस्त्रक्रिया झाली होती, नळीचे काही बोलणे झाले होते, पुढे काय झाले कोण जाणे, त्याने कागद हरवला म्हणून गप्प बसू नये. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे नाव आणि महिना सांगून चौकशी करावी. तेही जमत नसेल तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढून घ्यावा. नळी आत असली तर ती त्यात पांढऱ्या दोरीसारखी दिसते, दोन्ही टोकांना वेटोळे असलेली.