डोक्याचे किती टक्के?



हॉस्पिटलच्या जिन्याखाली ठेकेदाराच्या माणसानं आमच्यासमोर एक पाकीट धरलं. आत तीस हजार रुपये होते आणि एक टाइप केलेला कागद. सदर कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडून जखमी झाला असून त्याची कोणाविरुद्धही तक्रार नाही, असा मजकूर. सदर कामगार त्या वेळी वर आयसीयूत होता आणि त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. सही त्याच्या बायकोची हवी होती. वहिनींनी पाकीट परत केलं आणि कागद आमच्या हातात दिला. त्या कागदाला आम्ही हे उत्तर देतोय, आठ महिन्यांनी का होईना.

आमचा हा मित्र भिवंडीच्या गोदामपट्ट्यात रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बारा तासांची ड्युटी, साप्ताहिक सुट्टी फक्त हजेरीपुस्तकात. म्हणजे आठवड्याला ८४ तास. एवढ्या मोठ्या आवाराला रात्री एकच माणूस. हातात टॉर्च, काठी आणि शिट्टी. केंद्र सरकारचा २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत गार्डला शंभर तास वर्गातलं आणि साठ तास प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायला सांगितलंय, त्यात प्रथमोपचारही येतो. आमच्या मित्राचं प्रशिक्षण वर्दीचं माप घेण्यात आटोपलं.

पहाटे साडेतीनच्या सुमारास मागच्या भिंतीवरून तिघे आत आले. हा शिट्टी वाजवत धावला आणि लोखंडी पाइपचा फटका डाव्या कानाच्या वर बसला. चोर पळाले. हा उठला, चालत चौकीत आला आणि त्यानंच सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरनं विचारलं, माल गेला का? मग सांगितलं, रिलीव्हर येईपर्यंत पॉइंट सोडू नकोस.

कवटीच्या आत रक्त साचायला लागलं की काही वेळा असंच होतं. मार लागलेला माणूस आधी नीट बोलतो, पाणी पितो, आणि तासाभरानं कोसळतो. मधला तो वेळ फार मोलाचा असतो. तेवढ्यात सिटी स्कॅन होऊन रक्ताची गाठ काढली तर मेंदू वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. आमच्या मित्रानं तो वेळ पॉइंटवर बसून काढला. साडेपाचला एका टेम्पोवाल्याला तो चौकीत पडलेला दिसला. पहिल्या खासगी हॉस्पिटलनं डिपॉझिट मागितलं. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जखमी माणसावर आधी उपचार करायचे, बाकीचे सोपस्कार नंतर. तो निकाल त्या काउंटरपर्यंत पोचलेला नव्हता. शेवटी सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि तीन महिन्यांनी परत बसवला. ते तीन महिने त्याची धाकटी पोरगी विचारायची, पप्पांचं डोकं पोटात का ठेवलंय?

तर निष्काळजीपणा कोणाचा? एका माणसावर अख्खं आवार टाकणाऱ्या मालकाचा, की रक्त कवटीत साचत असताना पॉइंट सांभाळणाऱ्या गार्डचा?

हे सगळं आपल्याला नवं नाही. गावाच्या वेशीवर रात्र जागून काढणारा वेसकर कोण होता, हे आपल्या आज्यांना विचारा. चोर आला तर पहिली काठी त्यानं खायची, चोरी झाली तर पहिला संशय त्याच्यावर, आणि बदल्यात दारोदार मागून आणलेली भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते या भाकरीच्या गुलामीवर बोट ठेवण्यासाठी. वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. पण आमच्या वस्तीत आज वर्दी नसलेलं घर शोधावं लागतं. आज गार्डच्या चौकीत मराठा पोरगा बसतो, बिहारचा बसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. शेती मोडली तसे तेही इथे आले. पण ज्याच्या जिवाची किंमत आतल्या मालापेक्षा कमी धरायची, अशा माणसाला वेशीवर उभं करण्याची रीत जुनीच आहे आणि ती कोणी घालून दिली हेही आपल्याला ठाऊक आहे. मनमाडला १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. गोदामाच्या गेटवर ते दोघे एकाच वर्दीत भेटतात.

आता बरं होण्याविषयी. त्यावर आपल्यात कोणी फारसं बोलत नाही.

टाके निघाले, केस वाढले, तो घरी आला. नातेवाईक बघून गेले आणि म्हणाले, ठणठणीत आहे की! ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चालतोय-फिरतोय, मग कामावर का येत नाही? हात तुटला तर प्लॅस्टर दिसतं. याचं काहीच दिसत नाही. मार डाव्या बाजूला, म्हणून शब्द हरवतात. कुलूप म्हणायचं तर किल्ली म्हणतो आणि स्वतःवरच चिडतो. थोरल्या पोराचं नाव आठवायला वेळ लागतो. वास गेलाय. बोंबील तव्यावर जळून कोळसा झाले तरी याला पत्ता नाही, आणि एकदा गॅस चालू राहिला तेव्हाही नव्हता. आंघोळ केली की दोन तास झोपावं लागतं. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपते. कधी ताट भिरकावतो आणि मग रडतो. आम्हाला वाटायचं, दादा आळशी झाला, चिडका झाला. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी समजावलं की हीच दुखापत आहे.

दुसऱ्या महिन्यात फिट आली. शेजारच्या काकी कांदा घेऊन धावल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, रात्रीच्या ड्युटीवर बाहेरचं लागलं असेल. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या घरात हे बोलणं झालं, म्हणून मुद्दाम लिहितोय. डोक्याला मोठा मार लागल्यावर फिट येऊ शकते. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना. गोळी एकही चुकवायची नाही, दारू पूर्ण बंद, आणि जागरण करायचं नाही, कारण झोप मोडली की फिटची शक्यता वाढते.

आणि अशा माणसाला ठेकेदारानं पाचव्या महिन्यात निरोप काय पाठवला? ‘लाइट ड्युटी’ देतो, रात्रपाळीची, बसूनच करायची आहे.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, पुढे वर्ष-दोन वर्षं हळूहळू चालू राहते. त्या काळात व्यायाम हवा, बोलण्याचे उपचार हवेत, रोजची कामं पुन्हा शिकवणारं कोणीतरी हवं. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. पण कल्याणहून तिथे गर्दीच्या लोकलनं, त्या आवाजात, सोबत एक माणूस घेऊन आठवड्यातून दोनदा कोण नेणार? वहिनी न्यायच्या. त्यासाठी त्यांनी तीन घरांची स्वयंपाकाची कामं सोडली. म्हणजे फटका एकाच्या डोक्यात बसला आणि पगार दोघांचे गेले. घरात पैसा नसला की पहिली बंद होते ती थेरपी, मग महागडी गोळी, आणि मग माणूस अर्धवट बरा होऊन पुन्हा गेटवर उभा राहतो. म्हणून आम्ही म्हणतो की या आजारात पगार हा उपचाराचाच भाग आहे. तो पगार कायद्यानं मिळतो. भीक मागावी लागत नाही.

त्याच्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात दर महिन्याला होती, पाऊण टक्का. मालकानं आपले सव्वातीन टक्के भरायचे असतात. आम्ही चौकशी केली तर बऱ्याच महिन्यांचा भरणाच नव्हता आणि आडनाव चुकीचं. ठेकेदार म्हणाला, मग त्याला काही मिळणार नाही. हे धादांत खोटं आहे. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. मालकानं भरली नसेल तर कामगाराला लाभ देऊन महामंडळ ती मालकाकडून वसूल करू शकतं. तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. ड्युटी चालू असताना अपघात झाला तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, तसं नाही हे समोरच्यानं दाखवायचं. आणि जे ईएसआयबाहेर आहेत त्यांच्यासाठी १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १२ होतं, ज्यात मूळ मालकाला ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून हात झटकता येत नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं हे जुने कायदे आपल्यात गुंडाळून घेतले, पण ठेकेदाराचं खोटं त्यामुळे खरं होत नाही.

आम्ही एफआयआरची प्रत काढली, रुग्णालयातली पोलीस केसची नोंद काढली, त्या रात्रीच्या हजेरीचा फोटो एका दुसऱ्या गार्डनं जीव मुठीत धरून पाठवला. अपघाताचा अहवाल ठेकेदार देईना, तेव्हा लेखी तक्रार केली. पाचव्या महिन्यात पहिली रक्कम खात्यावर आली. तोपर्यंत वहिनींचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं.

आता गाडी मेडिकल बोर्डावर अडलीय. कायमचं अपंगत्व किती, ते बोर्ड टक्क्यांत ठरवणार आणि त्यावर आयुष्यभराची मासिक रक्कम ठरणार. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के असं छापलंय. गिरणीच्या आणि यंत्राच्या काळातली ती यादी आहे, तिला बोटं मोजता येतात. पोराचं नाव आठवत नाही, त्याचे किती? जळका वास येत नाही, त्याचे किती? यादीत नसलेल्या दुखापतीचं प्रमाण बोर्डावरचे डॉक्टर ठरवतात. दहा मिनिटं बघून, चालता येतं ना, हात वर करता येतात ना, असं विचारून ते ठरवलं तर उत्तर शून्याच्या आसपासच येईल. म्हणून आमची मागणी आहे की स्मरण, भाषा आणि एकाग्रता यांची न्यूरोसायकॉलॉजीची रीतसर चाचणी झाल्याशिवाय डोक्याच्या दुखापतीचा टक्का ठरवू नये. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही एकवीस प्रकारांची यादी आहे. त्यात मेंदूच्या दुखापतीचं नाव नाही, दुसऱ्या कुठल्या तरी खान्यात तिला कोंबावं लागतं. त्याच कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही. पण ते फक्त सरकारी आस्थापनांना. सरकारी शिपायाची नोकरी राहील, खासगी गेटवरच्या गार्डची जाईल. हा भेद आम्हाला मान्य नाही.

आता आपल्या लोकांशी भांडण. पहिल्या आठवड्यात वस्तीनं वर्गणी काढली, अकरा हजार जमले, आम्ही फोटो टाकले. वर्गणी वाईट नाही, त्या पैशातनंच औषधं आली. पण महिनाभर आमच्यापैकी एकालाही ईएसआयचं कार्यालय आठवलं नाही. एप्रिलमध्ये आम्हीच पोस्टर करतो की बाबासाहेबांनी चौदा तासांचं काम आठ तासांवर आणलं. इतिहास नीट वाचायला हवा. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांचा होता. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ च्या दुरुस्तीनं तो ४८ वर आणला. त्यांच्याच मजूर खात्यानं नेमलेल्या अदारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. तो संमत झाला तेव्हा मजूर खातं जगजीवनराम यांच्याकडे होतं, बाबासाहेब कायदामंत्री होते. हे सगळं पोस्टरवर मावत नाही, म्हणून आपण सोपं वाक्य लिहितो, आणि पोस्टर चिकटवणारा पोरगा ८४ तासांच्या ड्युटीवर निघून जातो. महाराष्ट्रात १९८१ पासून खासगी सुरक्षा रक्षकांचा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. त्या मंडळात नोंदणी कशी होते, हे आमच्यातल्या पदवीधरांना विचारलं तर माना खाली गेल्या. आमच्याही.

या जयंतीला तो मिरवणुकीत आला नाही. डीजेचा आवाज त्याला सहन होत नाही, डोकं फुटेल असं वाटतं. डीजे लावणारे आम्हीच. गल्लीच्या तोंडाशी आवाज कमी करा, एवढं सांगायला वहिनी आल्या तर एक जण म्हणाला, वर्षातून एकदाच असतं. तो आता आमच्यासोबत कागद घेऊन फिरतो.

मेडिकल बोर्डाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता विहारात बसतोय. वस्तीतल्या प्रत्येक गार्डनं, सफाई कामगारानं, डिलिव्हरीवाल्यानं पगारपत्रक आणि ओळखपत्र घेऊन यावं. ईएसआय नंबर आहे का, भरणा होतो का, आडनाव बरोबर आहे का, हे तपासू. नंबर नसेल त्याची तक्रार तिथेच लिहू. आमचा मित्रही येतो. शब्द हरवतात म्हणून तो आता सगळं वहीत लिहून ठेवतो. गेल्या रविवारपर्यंत त्याच्या वहीत सव्वीस नावं झाली आहेत, त्यातल्या नऊ जणांचा नंबरच नाही.