पूर्णविरामाचा आग्रह

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेची वाटचाल, गुरुजनांच्या आठवणी आणि गुणवंतांच्या याद्या असाव्यात, असा रिवाज आहे. तेथे पूर्णविराम आणि उद्गारचिन्ह यांविषयी लिहिणे काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु पालमसारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजीच्या वह्या तपासणाऱ्या आम्हां शिक्षकांना तो विषय तसा वाटत नाही. वसतिगृहातून बाहेर पडलेला मुलगा जेथे जातो, तेथे त्याच्या आधी त्याचा अर्ज पोहोचतो. आणि अर्ज वाचणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नसतो.

मूळ अडचण मुलांच्या निष्काळजीपणात नाही. ती दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर थांबते. 'आहे', 'गेला', 'करावे' असे शब्द आले की वाक्य संपल्याचे कानालाच कळते. मोडीत विरामचिन्हांवाचून, शब्दसुद्धा न तोडता, एवढा कारभार चालला, त्याचे एक कारण हेच असावे. मेजर टॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर ही चिन्हे मराठीत रुजविली. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. इंग्रजीत मात्र क्रियापद मध्येच येऊन जाते आणि कर्म, स्थळ, काळ हे सारे त्याच्या मागून येते. वाक्य कोठे संपले, हे शेवटचे टिंब आणि पुढच्या वाक्याचे मोठे अक्षर एवढ्याच खुणा सांगतात. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे दुसरी खूणही आमच्या मुलांना परकीच. साध्या विधानापुढील पूर्णविराम गळतो तो यामुळे.

आज्ञेचे दुखणे निराळे. मराठीत 'बस', 'बसा', 'बसावे' या रूपांतच मान-अपमान कळतो. इंग्रजीत धाकट्याला आणि थोरालाही 'सिट' हे एकच रूप. मान राखायचा तो 'प्लीज'ने, आणि लेखनात शेवटच्या चिन्हाने. 'ओपन युवर बुक्स' यापुढे पूर्णविराम पुरतो. 'स्टॉप' यापुढे उद्गारचिन्ह शोभते ते समोरून ट्रक येत असेल तेव्हा. पण आपल्या मुलांनी आज्ञा ऐकलेली असते ती बहुधा चढ्या आवाजात. म्हणून आज्ञार्थ दिसला की वहीत उद्गारचिन्ह पडते, आणि तीच सवय रजेच्या अर्जात उतरते. 'प्लीज ग्रँट मी लीव्ह' यापुढे उद्गारचिन्ह आले की विनंतीची दटावणी होते. शुभेच्छांच्या फलकांवर एकेका नावापुढे तीन-तीन उद्गारचिन्हे उभी असतात, त्यांचाही यात वाटा आहेच!

उद्गारवाचक शब्दांचा नियम मराठीच्या जवळचा आहे. 'अरेरे' तसे 'अलास'. भावना तीव्र असेल तर उद्गारचिन्ह, सौम्य असेल तर 'वेल', 'ओह' यांपुढे स्वल्पविराम देऊन वाक्य पुढे न्यावे. एक चूक मात्र दरवर्षी भेटते. 'व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर' असे लिहून मुले प्रश्नचिन्ह देतात, कारण 'व्हॉट' म्हणजे प्रश्न, हे त्यांनी पाठ केलेले असते.

मोबाइलवरील निरोपांत पूर्णविराम कोण देतो, असे तरुण माजी विद्यार्थी विचारतात. मित्राला नका देऊ. पण शांतपणे संपविलेल्या विधानाला जे वजन असते, ते पाहायचे असेल तर संविधानाचे सतरावे कलम मूळ इंग्रजीत वाचावे. संविधान सभेने ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. शतकांची अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या त्या कलमात अवघी दोन वाक्ये आहेत. दोन्हींच्या शेवटी पूर्णविराम आहे.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. त्यामुळे अनेक पालकांना वाटते की, या विषयात आपला काही उपयोग नाही. आम्हांला तसे वाटत नाही. भेटीच्या दिवशी मुलाकडून इंग्रजीची वही मोठ्याने वाचून घ्यावी. अर्थ कळला नाही तरी चालेल. मूल कोठे थांबते आणि तेथे कागदावर टिंब आहे की नाही, एवढे बोट ठेवून पाहावे.