घरचे आरोग्य : हे दुखणे परदेशीचे की आपलेही?

गेल्या महिन्यात मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायरीशी एका मावशींनी मला थांबवून दबल्या आवाजात विचारले, "डॉक्टर, छातीतली गाठ हे शहरातल्या नि गोऱ्या बायांचे दुखणे ना? चार लेकरे अंगावर पाजलेल्या बाईला ते कशाला होईल?" मावशींचा प्रश्न अर्धा खरा होता. उरलेला अर्धा मात्र जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

हा भेद प्रथम ज्यांच्या लक्षात आला त्यांत इटलीतील पादुआचे वैद्य रामाझ्झिनी हे एक होत. व्रतस्थ भगिनींच्या मठांत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक आढळतो, असे त्यांनी 1713 साली नमूद केले. पुढे 1842 साली रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील 1760 ते 1839 पर्यंतच्या मृत्युनोंदी चाळल्या, तेव्हाही तेच दिसले. ह्यात व्रताचा दोष नाही. गर्भारपण व स्तनपान यांमुळे स्तनातील पेशींना जी परिपक्वता येते व जे संरक्षण लाभते, ते ह्या भगिनींना मिळत नाही, इतकेच. 30 देशांतील माहिती एकत्र करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे हा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी व दर बाळंतपणामागे आणखी 7 टक्क्यांनी घटतो. घटतो, नाहीसा होत नाही.

आता देशोदेशीचे पाहू. वयोमानातील फरक जुळवून घेतल्यावर 2020 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दर लाख स्त्रियांमागे सुमारे 95 जणींना हा रोग नव्याने झाला. भारत ज्यात मोडतो त्या दक्षिण-मध्य आशियात सुमारे 26 जणींना. हा रक्ताचा गुण म्हणावा, तर जपानी स्त्रियांचे उदाहरण आड येते. जपानात हे प्रमाण कमी होते; पण हवाई व कॅलिफोर्निया येथे जाऊन वसलेल्या जपानी कुटुंबांत ते पिढीगणिक वाढत तेथील गोऱ्या स्त्रियांच्या जवळ जाऊन पोहोचले. उशिरा बाळंतपण, थोडी मुले, अल्प स्तनपान, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा व मद्यपान ही कारणे राहणीबरोबर येतात. शिवाय तेथे तपासणी अधिक, म्हणून सापडतेही अधिक. फार दूर कशाला, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडच्या खेड्यांत हे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी नोंदले गेले आहे.

येथवर मावशी बरोबर. पण मृत्यूचा हिशेब मांडला की चित्र उलटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अतिप्रगत देशांत आयुष्यात 12 स्त्रियांपैकी एकीला हा रोग होतो आणि 71 पैकी एक त्याने दगावते. अप्रगत देशांत तो 27 पैकी एकीलाच होतो, परंतु 48 पैकी एक दगावते. भारतात 2022 साली सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण व सुमारे 98 हजार मृत्यू झाले. ह्याचे मोठे कारण उशीर. गाठ लागली तरी बाई ती नवऱ्यालाही सांगत नाही. आधी लेप, मग काढा, मग नोव्हेना. नोव्हेना अवश्य करावी. पण नऊ दिवस संपेपर्यंत दवाखान्यात जाऊ नये, असे कोठेही सांगितलेले नाही.

महागडे यंत्र नसले तरी उपाय आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यावस्त्यांतून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्त्रियांची तपासणी करविली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांचे ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसविते. कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. पुष्कळशा गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे. पण ते घरी बसून ठरविता येत नाही.

मावशींना मी विचारले, "गाठ कोणाला आहे?" त्यांनी पदर सावरून खाली पाहिले. परवा थोरली सून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेली. तपासाचा निकाल अद्याप यावयाचा आहे.