दोह्यातील गोल आणि ताश्कंदचा न्याय

पंचाची एक चूक एखाद्या संघाला किती महागात पडू शकते, याचा अनुभव भारतीय फुटबॉल संघाने ११ जून २०२४ रोजी दोह्यात घेतला. विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीतील तो अखेरचा सामना होता. प्रतिस्पर्धी आशियाई विजेता कतार असला तरी पुढील फेरी आधीच निश्चित झाल्याने त्याने दुसऱ्या फळीचा, तरुण संघ उतरवला होता. लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत १-० असा आघाडीवर होता आणि ही आघाडी टिकली असती तर भारत प्रथमच तिसऱ्या फेरीत पोहोचला असता. ७३ व्या मिनिटाला युसूफ आयमेनचा हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू निसटून अंतिम रेषेपलीकडे गेला. कतारच्या अल हाश्मी अल हुसेनने तो पायाने मैदानात ओढला आणि आयमेनने जाळ्यात धाडला. कॉर्नर किक मिळणार, या समजुतीने भारतीय खेळाडू थबकले होते. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी मात्र गोल बहाल केला.

चेंडू रेषेबाहेर गेल्याचे दूरचित्रवाणीवरील चित्रणात जगाने पाहिले. पंचांनी ते पाहिले नाही, आणि पाहण्याची सोयही त्यांच्याकडे नव्हती. पुढे कतारने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला, कुवेतने अफगाणिस्तानला १-० असे हरवून तिसरी फेरी गाठली आणि आठवडाभरात प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांची उचलबांगडी झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रीतसर तक्रार करून चौकशीची मागणी केली. निकाल मात्र कायम राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करायला हवी. भारतावर ही वेळ केवळ पंचांमुळे आली नव्हती. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानविरुद्ध आधी गोलशून्य बरोबरी आणि नंतर गुवाहाटीत १-२ असा पराभव पत्करलेल्या संघाला दोह्यात चमत्काराची आस धरावी लागली, हा दोष पंचाचा नव्हे. तथापि, स्वतःच्या चुकांची किंमत मोजणे वेगळे आणि दुसऱ्याच्या चुकीची किंमत मोजणे वेगळे. तिसरी फेरी गाठणाऱ्या अठरा संघांना २०२७ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळाला. भारताला त्यासाठी स्वतंत्र पात्रता फेरी खेळावी लागली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असे हरून तो मार्गही बंद झाला.

दोह्यातील तक्रारीला यश का आले नाही, हे समजून घेण्यासाठी सप्टेंबर २००५ मधील ताश्कंदकडे पाहावे लागेल. उझबेकिस्तान आणि बहारीन यांच्यात विश्वचषक पात्रतेची लढत होती. उझबेकिस्तान १-० असा पुढे असताना त्याला पेनल्टी मिळाली आणि त्यावर गोलही झाला. पण किक मारण्यापूर्वीच उझबेकिस्तानचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. अशा वेळी किक पुन्हा घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. जपानचे पंच तोशिमित्सु योशिदा यांनी त्याऐवजी बहारीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. उझबेकिस्तानने सामना जिंकला, तरीही तक्रार केली. सामना आपल्याला ३-० असा बहाल करावा, अशी त्याची मागणी होती. फिफाने चूक मान्य केली, पण संपूर्ण सामनाच रद्द करून तो पुन्हा खेळवला. त्यात १-१ अशी बरोबरी झाली, मनामातील दुसरा सामना गोलशून्य राहिला आणि परक्या मैदानावरील गोलच्या निकषावर बहारीन पुढे गेला. तक्रारदारालाच शिक्षा व्हावी, असा हा न्याय! उझबेकिस्तानला विश्वचषकाचे दार उघडण्यासाठी त्यानंतर २०२५ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

ताश्कंदची चूक तुलनेने किरकोळ होती, दोह्याची ढळढळीत. मग किरकोळ चुकीसाठी सामना रद्द आणि ढळढळीत चुकीला अभय का? उत्तर नियमावलीत आहे. ताश्कंदमध्ये पंचाने नियमच चुकीचा लावला होता. दोह्यात नियमाबद्दल वाद नव्हता. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता. खेळातील वस्तुस्थितीबाबत, गोल झाला की नाही यासह, पंचाचा निर्णय अंतिम मानला जातो. सामन्यानंतर कितीही चित्रफिती सादर केल्या तरी त्या निरुपयोगी ठरतात. हे तत्त्व मुळात गैर नाही. प्रत्येक गोल दुसऱ्या दिवशी समितीपुढे जाऊ लागला तर कोणतीही स्पर्धा पूर्ण होणार नाही. पण मग ती चूक मैदानावरच, त्याच क्षणी दुरुस्त करण्याची सोय असणे अनिवार्य ठरते. आशियात ही सोय सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हा खरा मुद्दा आहे.

व्हिडिओ सहायक पंच, म्हणजेच ‘व्हीएआर’, आशियाई चषकात प्रथम २०१९ मध्ये आले, तेही उपांत्यपूर्व फेरीपासून. कतारमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषकात सर्व ५१ सामन्यांना ही यंत्रणा होती. ऑफसाइडसाठी अर्धस्वयंचलित तंत्रज्ञानही होते. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीलाही व्हीएआर होते. दुसऱ्या फेरीला नव्हते. विरोधाभास असा, की भारत ज्या जसिम बिन हमद मैदानावर हरला, त्याच मैदानावर पाच महिन्यांपूर्वी आशियाई चषकाचे सामने व्हीएआरच्या देखरेखीखाली झाले होते. दुसऱ्या फेरीत ३६ संघ होते, म्हणजे एकेका टप्प्यात १८ सामने. एवढ्या ठिकाणी कॅमेरे, यंत्रणा आणि प्रशिक्षित व्हिडिओ पंच पुरवणे अवघड आहे, आणि काही सामन्यांना यंत्रणा द्यायची व काहींना नाही, हेही न्याय्य नव्हे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा होतो, की वरच्या फेरीत नित्य खेळणाऱ्या जपान, कोरिया, इराण यांच्यासारख्या देशांना चुकीपासून संरक्षण मिळते आणि त्या फेरीच्या उंबरठ्यावर धडपडणाऱ्या देशांना ते नेमके गरजेच्या वेळी मिळत नाही.

व्हीएआर आले म्हणजे वाद संपतात, असेही नाही. त्याच आशियाई चषकात इराकचा अयमन हुसेन जॉर्डनविरुद्ध गोल केल्यानंतर गवतावर बसून जल्लोष करू लागला. पंच अलीरेझा फघानी यांनी त्याला दुसरे पिवळे कार्ड दाखवून बाहेर काढले. तेव्हा २-१ असा पुढे असलेला इराक भरपाई वेळेतील दोन गोलमुळे २-३ असा हरला. दुसऱ्या पिवळ्या कार्डाची फेरतपासणी त्या वेळच्या नियमांत बसतच नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिफा येथे सहा मिनिटांची भरपाई वेळ जाहीर झाली असताना बहारीनने ९९ व्या मिनिटाला गोल करून इंडोनेशियाशी २-२ अशी बरोबरी साधली. खेळ किती वेळ चालवायचा, हे पंचच ठरवतो. तेथेही व्हीएआर गैरलागू. तो पंच ओमानचा, म्हणजे बहारीनसारखाच आखाती देशाचा होता, याचा इंडोनेशियात गवगवा झाला. जकार्तातील परतीचा सामना अन्यत्र हलवावा, अशी मागणी बहारीनने सुरक्षेच्या कारणावरून करण्यापर्यंत प्रकरण गेले.

पश्चिम विरुद्ध पूर्व हा संशय आशियाई फुटबॉलला नवा नाही. २०१४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत रियाधच्या अल हिलालने पेनल्टी नाकारल्याबद्दल जपानचे पंच युइची निशिमुरा यांच्यावर आगपाखड केली होती. संशयाला खतपाणी घालणाऱ्या घटनाही घडल्या आहेत. एप्रिल २०१३ मध्ये सिंगापूरच्या टॅम्पिनीस रोव्हर्स आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल यांच्यातील एएफसी चषक सामन्यापूर्वी लेबनॉनच्या तिन्ही पंचांना अटक झाली. सामनानिश्चितीसाठी त्यांनी लाच म्हणून शरीरसुख स्वीकारले होते. पुढे तिघांना कारावास झाला. प्रामाणिक पंचाच्या प्रामाणिक चुकीकडेही प्रेक्षक संशयाने पाहतात, त्यामागे अशा प्रकरणांचा हात आहे.

वस्तुतः आशियात चांगल्या पंचांची वानवा नाही. उझबेकिस्तानच्या रवशान इरमातोव यांनी तीन विश्वचषकांत मिळून ११ सामन्यांत काम पाहिले. मूळचे इराणी आणि आता ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व करणारे फघानी २०२५ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे पंच होते. भारताचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच होते, तर गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात. उणीव आहे ती मधल्या फळीची. साप्ताहिक लीगमध्ये व्हिडिओ यंत्रणेसह काम करण्याचा सराव असलेले पंच मोजक्याच देशांत तयार होतात. भारताची आयएसएल २०२४-२५ च्या हंगामापर्यंत व्हीएआरविनाच खेळली गेली. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत वादग्रस्त फ्री किकनंतर केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, तेव्हा त्यावर देशभर चर्चा झाली आणि यथावकाश ती विरली.

पूर्ण व्हीएआर परवडत नसेल, तर एक मधला मार्ग उपलब्ध आहे. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातील २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ची चाचणी घेतली. यात स्वतंत्र व्हिडिओ पंच नसतात. क्रिकेटमधील ‘रिव्ह्यू’प्रमाणे प्रत्येक प्रशिक्षकाला दोन वेळा दाद मागता येते आणि मैदानावरील पंच स्वतःच पडद्यावर चित्रण पाहून निर्णय देतो. कॅमेरे थोडे असले तरी भागते. दुसऱ्या फेरीच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण होतेच. त्याच कॅमेऱ्यांचे चित्रण दोह्यातील पंचांना दाखवता आले असते. पुढील पात्रता स्पर्धेची नियमावली तयार होण्यापूर्वी हा पर्याय आशियाई महासंघापुढे मांडायचा असेल, तर त्यासाठी ज्याला सर्वाधिक झळ बसली त्या भारताने पुढाकार घेणे सयुक्तिक ठरेल. तक्रारीच्या पत्रापेक्षा अशा प्रस्तावाला मालदीव, बांगलादेश, फिलिपाइन्स यांच्यासारख्या देशांचा पाठिंबा मिळण्याची शक्यताही अधिक आहे.